त्रिनिदादचा ताशा, तेलाच्या पिंपातलं वाद्य आणि गावसकरवरचं गाणं

कूव्हाकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पण मागच्या आठवड्यात इथे ढोलपथकांवर भांडण जुंपलेलं वाचलं आणि राहवेना, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा डोंबिवलीचा, केमिकल इंजिनियर. अडीच वर्षं त्रिनिदादला होतो, पॉइंट लिसास नावाच्या औद्योगिक पट्ट्यात, अमोनिया-मिथेनॉलच्या प्लांटमधे. राहायला शेजारच्या कूव्हा गावात. जाण्याआधी माझी अक्कल एवढीच, की वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट आणि समुद्र. बायको म्हणाली पुस्तकं घेऊन जा, तिथे संध्याकाळी करणार काय.

पोचल्यावर दुसराच शुक्रवार. रात्री साडेआठला भात लावला होता आणि लांबून कडकडाट ऐकू आला. मला आधी वाटलं कानात वाजतंय, आठवण येतेय घराची वगैरे. पण नाही, जवळ येत होता. तसाच चपला घालून बाहेर पळालो (भात करपला ते नंतर कळलं). गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला पुठ्ठे आणि लाकडं पेटवलेली, आणि चार पोरं त्या जाळासमोर गळ्यातल्या वाद्यांची तोंडं धरून उभी. ताशे तापवत होती!! शेजारी एकाच्या गळ्यात हा मोठा ढोल, एकाच्या हातात झांज. लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी बायका वाजतगाजत जाऊन माती आणतात, माटीकोर म्हणतात त्याला, त्याची ती मिरवणूक. पुढे साठीच्या बायका कंबर हलवत नाचतायत, पोरंबाळं मागे. मला एकाने विचारलं कुठला, म्हटलं इंडिया, तर त्याने सरळ माझ्या हातात झांज दिली. एका म्हाताऱ्या बाईंना सगळे 'आजी' म्हणत होते. आपलीच आजी, तोच उच्चार. तिथे वडिलांची आई आजी, आईचे आईवडील नाना-नानी. मी तिथेच रडायचा बाकी राहिलो.

त्या वाद्याला ते 'टासा' म्हणतात, लिहितात इंग्रजीत. १८४५ च्या ३० मे ला फातेल रझाक नावाचं जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर घेऊन तिथे लागलं, उसाच्या मळ्यांत करारावर राबायला, कारण १८३८ मधे गुलाम पूर्ण मोकळे झाले आणि मळेवाल्यांना माणसं मिळेनात. १९१७ पर्यंत असे एक लाख चाळीस हजारांच्या वर लोक गेले. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, थोडे मद्रासकडचे. त्यांच्याबरोबर गेला तो ताशा. ३० मे ला तिथे सरकारी सुट्टी असते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे. अडीच वर्षांत जे जे ऐकलं त्यातलं निम्मं कुठल्या ना कुठल्या बंदीतून जन्मलेलं निघालं. जेवून येतो, मग स्टीलपॅनचं, म्हणजे त्या तेलाच्या पिंपातल्या वाद्याचं सांगतो.

चहाबाज

चहा संपला. लवकर जेवा.

ताशेवाला_कसबा

अंगावर काटा आला राव. आमच्या आजोबांच्या वेळी ताशाला चामड्याचं पान असायचं, तेव्हा शेकोटी पेटवूनच तापवायचे, मंडळाच्या मागे एक पोरगं फक्त जाळ सांभाळायला. आता सगळं प्लास्टिक आणि नट-बोल्ट, पाऊस असो नसो टणटण वाजतंय. म्हणजे आपला पुण्याचा ताशा पार तिकडे पोचला तर! अभिमान आहे. तिथे ते किती ताशे घेतात एका पथकात आणि ठेका कोण धरतं हे सांगा प्लीज.

कूव्हाकर

@ताशेवाला_कसबा, थोडं थांबा दादा, पुण्याचा नाही गेला. ताशा हा उत्तरेत मोहरमच्या मिरवणुकीत आणि लग्नाबिग्नात वाजायचा, मूळ शब्द फारसी 'तास', म्हणजे वाडगा. तो आपल्याकडेही आला आणि भोजपुरी मजुरांबरोबर तिकडेही गेला. तेव्हा चुलत भाऊ म्हणा, मुलगा नको.

आणि पथक छोटं असतं हो. चारपाच माणसं. एक 'कटर', तो मेन ताशेवाला, कल्पना सगळ्या त्याच्या. दोन 'फुलर', ते धरून ठेवतात. एक मोठा ढोल म्हणजे बास, आणि झांज. झांजवाला चुकला तर कटर नुसता बघतो त्याच्याकडे, मेलेलं बरं (स्वानुभव). शंभर ढोल तीस ताशे असला प्रकार नाही. हाताचे ठेके आहेत, लग्नाचा वेगळा, मोहरमचा वेगळा.

मोहरमला तिथे 'होसे' म्हणतात, हुसेनवरून. सेंट जेम्स आणि सीड्रोसला कागद-बांबूचे मोठाले ताजिये अजून निघतात, आणि पहिल्यापासून ओढायला-वाजवायला हिंदू, मुसलमान, आफ्रिकन सगळे. १८८४ साली इंग्रज सरकारने मजुरांना मिरवणुका शहरात आणायला बंदी घातली, लोक तरी निघाले, सॅन फर्नांडोला पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. गंमत नाही पण योगायोग बघा, त्याच साली आफ्रिकन लोकांच्या कार्निव्हलमधल्या (रस्त्यावरचा सोंगं-नाचगाण्याचा मोठा सण) ढोल आणि मशालींवर पण बंदी आली. तीन वर्षं आधी, १८८१ ला, कार्निव्हलच्या पहाटे पोलिसांशी मोठी मारामारी झाली होती, त्याचा राग. म्हणजे एकाच बेटावर एकाच वर्षी दोन जमातींच्या वाजवण्यावर वरवंटा.

तर ढोल गेले. मग काय करायचं? लोकांनी बांबू तोडले. जाड बांबू जमिनीवर आपटला की 'बूम', बारीक दोन एकमेकांवर मारायचे. 'टॅम्बू बॅम्बू' म्हणायचे, फ्रेंच तांबूर म्हणजे ढोल त्याचं अपभ्रंश. त्यातल्या वरच्या आवाजाच्या बांबूचं नाव पण 'कटर'च. पुढे पन्नास वर्षं बांबू. बांबू फुटतो, चिरतो, म्हणून १९३० च्या सुमारास पोरांनी बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं बडवायला घेतली. आणि बडवता बडवता कोणाच्या तरी लक्षात आलं की डब्याला पोचा पडला की त्या जागेचा सूर बदलतो. बास, तिथून सुरू. महायुद्धात रस्त्यावरचा कार्निव्हल बंद होता, पोरं अंगणात ठोकत बसली, आणि १९४५ ला युद्ध संपल्याच्या दिवशी हे डबे घेऊन सगळे रस्त्यावर. मग पंचावन्न गॅलनचं तेलाचं पिंप आलं, तेल तिथे निघतंच. एली मॅनेट, विन्स्टन 'स्प्री' सायमन, नेव्हिल ज्यूल्स, अँथनी विल्यम्स ही तिथली पूज्य नावं, कोणी काय आधी केलं यावर अजून हाणामाऱ्या होतात आणि मी त्यात पडणार नाही. १९५१ ला त्यांचं एक निवडक पथक लंडनला गेलं, गोरे लोक पिंपाच्या खाली वाकून बघायचे म्हणे आत काय लपवलंय.

मिरजेची_तार

कूव्हाकर, सूर कसा लावतात ते नीट सांगा ना. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे-सतारी, त्यामुळे पिंपातून सूर म्हटल्यावर मला आधी शंका आणि मग उत्सुकता. पत्र्याचा सूर टिकतो?

कूव्हाकर

@मिरजेची_तार ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलं, कारण हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि कोणी विचारत नाही.

पिंप उलटं ठेवायचं, तळाचा पत्रा मोठ्या हातोड्याने ठोकत ठोकत खोल करायचा, कढईसारखा. दोन दिवस हेच. पत्रा ताणला जातो, पातळ होतो, फाटला की पिंप भंगारात. मग आत एकेक सुराची जागा आखून कडेने खोबणी पाडायची, म्हणजे एकाचं कंपन दुसऱ्यात कमी जाईल. मग बाजूचा भाग हवा तेवढा कापायचा, उंच सुराच्या पॅनला तोकडा, बासला अख्खं पिंप. मग जाळावर तापवायचं. हो, इथे पण जाळच. आणि मग येतो ट्यूनर, छोट्या हातोडीने वरून खालून टुक टुक. ताई, तो नुसता 'सा' लावत नाही, त्या एका पोच्यातून वरचा सा आणि त्याच्यावरचे स्वर पण बरोबर निघाले पाहिजेत, नाहीतर आवाज डब्याचाच येतो. मी बघत बसलो होतो तेव्हा मला आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात तेच आठवलं. कागदभर फरक आणि एकदम वाद्य बोलायला लागतं.

टिकतो का? नाही टिकत. वाजवून वाजवून उतरतो, वर्षा-दोन वर्षाला ट्यूनर लागतोच. आणि चांगले ट्यूनर मोजके, कार्निव्हलच्या आधी दोन महिने त्यांच्या मागे लोक असे फिरतात जसे आपल्याकडे मे महिन्यात मंगल कार्यालयवाल्याच्या मागे.

स्वर सरळ ओळीत नसतात, सा च्या शेजारी रे नाही. टेनर (उंच सुराच्या) पॅनवर गोलात मांडणी, शेजारचा स्वर पंचमाचा. ती अँथनी विल्यम्सची कोळ्याच्या जाळ्यासारखी कल्पना. त्यामुळे पेटीवाल्याचं डोकं फिरतं पण एकदा हात बसला की सगळ्या पट्ट्या एकसारख्या.

मिरजेची_तार

जवारीचं वाचून बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले "हातोडीने? बरं." यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी सतारीचं पण केलेलं नाही.

जुना_रेडिओ

त्रिनिदाद म्हटल्यावर आम्हा म्हाताऱ्यांना एकच आठवतं हो. १९७१. वाडेकर कप्तान, पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, सात विकेटनी. सुनीलची ती पहिलीच टेस्ट. आणि शेवटच्या टेस्टला परत पोर्ट ऑफ स्पेनलाच १२४ आणि २२०, दात ठणकत असताना. चार टेस्टमधे ७७४. आणि आपला मडगावचा दिलीप सरदेसाई, ६४२ केले, त्याला लोक विसरतात म्हणून मुद्दाम लिहितो. तेव्हा गिरगावात आमच्या चाळीत पेपर येईपर्यंत कोणी दात घासत नव्हतं. त्याच्यावर तिकडे गाणं झालं होतं असं ऐकून होतो, खरं का?

कूव्हाकर

काका, खरं म्हणजे काय, अजून तिथे साठीच्या वरच्या माणसाला गावसकर म्हणा, तो बोलायच्या आधी गुणगुणायला लागतो. लॉर्ड रिलेटर नावाच्या कॅलिप्सो गायकाचं ते गाणं, त्याच साली केलेलं. त्यात सुनीलला भिंतीची उपमा आहे, द्रविड जन्मायच्या आधी! आणि मजा म्हणजे ते कौतुकापेक्षा जास्त आपल्याच टीमची काढलेली खोड आहे. हरलेल्या देशाने जिंकणाऱ्या पोराचं गाणं करायचं आणि ते गाणं तिथेच हिट व्हायचं, हे आपल्याकडे झेपेल का सांगा. मियांदादच्या सिक्सवर आपण भारूड केलं असतं?

कॅलिप्सो म्हणजे हेच. बातमी, चहाडी, राजकारण, शेजारणीची भानगड, सगळं चालीत. १९५० ला लॉर्ड्सवर वेस्ट इंडीज पहिल्यांदा जिंकली, रामाधीन आणि व्हॅलेंटाइनने इंग्लंडला गुंडाळलं, तेव्हा लॉर्ड बिगिनरने त्याच्यावर गाणं केलं ते अजून वाजतं (रामाधीन त्रिनिदादचाच, हिंदुस्थानी वंशाचा). लॉर्ड किचनर १९४८ ला विंडरश जहाजाने लंडनला उतरला तो कॅमेऱ्यासमोर लंडनवरचं गाणं म्हणतच. सगळे लॉर्ड आणि माईटी, नावातच इंग्रजांची टिंगल. माईटी स्पॅरो तर बादशहाच, १९५६ ला अमेरिकन सैनिक निघून गेल्यावर त्यांच्यावर जगणाऱ्या बायकांचं काय झालं यावर गायला आणि कॅलिप्सोच्या स्पर्धेत त्या वर्षीचा राजा झाला.

आणि 'एक्स्टेंपो' म्हणून एक प्रकार असतो, दोन गायक समोरासमोर, विषय चिठ्ठीवर येतो, तिथल्या तिथे यमक जुळवून एकमेकांची उतरवायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्याला सांगत होतो की आमच्याकडे पण आहे, कलगी-तुरा म्हणतात. त्याला ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर मला 'कलगी' म्हणूनच हाक मारायचा.

राजा मात्र बाप्याच असायचा. स्पर्धेचं नावच 'कॅलिप्सो किंग'. कॅलिप्सो रोझ जिंकली १९७८ ला तेव्हा नाव बदलून 'मोनार्क' करावं लागलं.

सदाशिवपेठी

लेख चांगला आहे पण जरा गुलाबी चष्म्यातून. कार्निव्हलचे फोटो आम्हीही बघतो. पिसं लावलेल्या बिकिन्या, दारू आणि धिंगाणा. याला संस्कृती म्हणायचं तर मग आमच्या विसर्जनाच्या डीजेलाही म्हणा. आणि एकीकडे आपण डीजे बंद करा म्हणून अर्ज करतो.

टोरांटोतला_बंड्या

आले पेठेतून अर्ज 😀

कूव्हाकर

@सदाशिवपेठी, तुमचं अगदीच चूक नाहीये आणि हीच तक्रार तिथले म्हातारे तुमच्यापेक्षा मोठ्याने करतात. पूर्वी 'मास' म्हणजे मास्करेड, सोंग, त्याला विषय असायचा, अख्खी टोळी एक गोष्ट घेऊन रस्त्यावर. आता बऱ्याच टोळ्या पैसे भरा, पाकीट घ्या, त्यात मणी-पिसं, खाणंपिणं, सिक्युरिटीची दोरी. तो पोशाख कित्येकदा चीनमधून येतो आणि किंमत ऐकली की पेठेतले काय कोणीही अर्ज करेल.

पण तेवढंच बघून निघून गेलात तर कार्निव्हलच्या सोमवारची पहाट चुकली तुमची. 'जूव्हे'. फ्रेंच बोलीतला शब्द, उजाडलं अशा अर्थाचा. पहाटे चारला अंधारात सगळं गाव अंगाला चिखल, कोको, काळं तेल फासून रस्त्यावर, कोण मॅनेजर कोण भाजीवाला कळत नाही. निळे सैतान असतात पॅरामिनच्या डोंगरातले, तोंडातून जाळ काढतात आणि पैसे दिल्याशिवाय हटत नाहीत. 'मिडनाइट रॉबर' असतो, एवढी मोठी टोपी, शिट्टी वाजवून तुम्हाला अडवतो आणि आपण किती भयंकर आहोत यावर दहा मिनिटं भाषण ठोकतो, आपल्या सोंगाड्याची आठवण यावी. उंच काठ्यांवर चालणारे मोको जंबी. शिवाय पीटर मिन्शॉलसारखा माणूस याच गल्लीतून आला. १९८३ ला त्याने 'नदी' या विषयावर हजारो लोक पांढऱ्या कपड्यांत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच पांढऱ्यावर रंग सांडले. पुढे बार्सिलोना आणि अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्याचं काम होतं.

डीजेचं म्हणाल तर तिथेही स्पीकरच्या ट्रकांनी रस्त्यावरच्या पॅनचा गळा धरलाच आहे. कार्निव्हलच्या दिवशी पॅन ऐकायचा तर शोधत जावं लागतं. याचं मला वाईट वाटतं आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सदाशिवपेठी

सोंगांबद्दल माहिती नव्हती. बाकी मतावर ठाम.

रानजाई

मला एक जोडायचंय. डेरेक वॉलकॉट, सेंट लुशियाचा कवी, १९९२ चं नोबेल. त्याने स्टॉकहोमच्या भाषणाची सुरुवात कशाने केली माहितीये? त्रिनिदादच्या फेलिसिटी नावाच्या खेड्यातल्या रामलीलेने. कॅरोनीच्या मैदानातलं गाव, उसाच्या कडेला धनुष्यबाण घेतलेली पोरं. आणि तो कबूल करतो की आपण हे इतकी वर्षं शेजारी असून नीट बघितलंच नव्हतं. मी एमएला असताना वाचलं होतं, अजून लक्षात आहे. लेखक नायपॉल तर तिथल्याच चग्वानासचा, पण तो त्या बेटावर इतका चिडलेला की त्याच्याकडून असं प्रेमाने काही आलं नसतं. आणि वॉलकॉट नुसता कवी नाही, त्याने १९५९ ला पोर्ट ऑफ स्पेनला नाटकाची कार्यशाळा काढली आणि वर्षानुवर्षं चालवली.

अजून एक, पिंपांवरून आठवलं. हैतीमधे क्रोआ-दे-बुके म्हणून गाव आहे तिथले लोहार हीच तेलाची पिंपं उभी कापून, आत पेंढा पेटवून रंग जाळून, सपाट करून त्यातून छिन्नीने जलपऱ्या, झाडं, देव कापतात. जॉर्ज लिओतो नावाच्या लोहाराने सुरू केलं, तो आधी दफनभूमीतले लोखंडी क्रॉस करायचा. एका बेटावर पिंपातून सूर काढले, दुसऱ्यावर चित्र.

कूव्हाकर

@रानजाई, फेलिसिटीची रामलीला मी बघितलीय! रावणाच्या पायाशी डबल्सची गाडी. (डबल्स म्हणजे दोन मऊ 'बारा', तळलेल्या पुऱ्या म्हणा, आणि मधे छोले, कागदात गुंडाळून, सकाळी सातला लोक रांगेत. "स्लाइट पेपर" (pepper, म्हणजे तिखट थोडंच) म्हणायचं नाहीतर मरता तिखटाने, आणि हे मी कोल्हापुरी सासुरवाडी असलेला माणूस सांगतोय.) हैतीचं मला माहीत नव्हतं, भारीच आहे.

चहाबाज

पण बॉब मार्ले कुठंय? कॅरिबियनच्या धाग्यात मार्ले नाही म्हणजे मिसळीत तर्री नाही.

कूव्हाकर

मार्ले जमैकाचा हो, त्रिनिदादपासून विमानाने काही तास. आपण सगळं एकात ढकलतो. जमैकाला मेंटो, मग स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे, सगळं किंगस्टनच्या गल्लीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांवरून, आणि तिथलंच एक पोरगं न्यूयॉर्कला गेलं, कूल हर्क, १९७३ ला ब्राँक्समधे बहिणीच्या पार्टीत दोन टर्नटेबल लावली आणि हिपहॉपवाले आपली सुरुवात तिथून धरतात. क्यूबाची रुंबा, तिथेही ढोल नाही तर माशांच्या खोक्यांवर वाजवली. मार्टिनिक-ग्वादलूपचा झूक. जमैकावाला त्रिनिदादच्या सोकाला (कॅलिप्सोतून निघालेलं नाचाचं संगीत) नाकं मुरडतो आणि उलटंही. मला अनुभव एकाच बेटाचा आहे, बाकीच्यांवर ज्याला माहितीये त्याने धागा काढा.

टोरांटोतला_बंड्या

मी थोडं सांगू शकतो, इथे टोरांटोत शेजारी गयानीज आणि ट्रिनी भरपूर. इथला कॅरिबियन कार्निव्हल १९६७ पासून आहे, उन्हाळ्यात. पण मला चटणीबद्दल लिहायचंय. खायची नाही, ऐकायची. ऑफिसातली एक ट्रिनी बाई मला लग्नाला घेऊन गेली, तिथे डीजेने एक गाणं लावलं, हार्मोनियम ढोलक धनताल (लोखंडी सळईचं तालवाद्य), अर्धं भोजपुरी अर्धं इंग्लिश, आणि सगळा हॉल उठला. सुंदर पोपो म्हणून गायक, त्याचं १९७० च्या आसपासचं नाना-नानीवरचं गाणं. मग पुढचं गाणं लागलं तर आवाज ओळखीचा वाटला. विचारलं तर म्हणाली कांचन, तुमच्या मुंबईची, तुला माहीत नाही? लाज गेली माझी. कल्याणजी-आनंदजींचा धाकटा भाऊ बाबला आणि त्याची बायको कांचन, या दोघांनी पोपोची गाणी मुंबईत परत रेकॉर्ड केली आणि तिकडे स्टेडियम भरवली. भारतात आपण त्यांना दांडियामुळे ओळखतो, तिकडे देवासारखे.

कूव्हाकर

बंड्या, क्या बात. आणि ह्याची दुसरी बाजू ऐका. सोका ज्याने काढला तो लॉर्ड शॉर्टी हा आफ्रिकन वंशाचा, पण वाढला दक्षिणेत हिंदुस्थानी वस्तीत. १९७० नंतर त्याने कॅलिप्सोत ढोलक आणि धनताल घातला. लोक भडकले, कॅलिप्सो बाटवला म्हणून. मग त्याने शहाणपणा केला, वाद्यं काढली आणि तोच ठेका ड्रमसेट-गिटारवर चढवला. ठेका राहिला, आरडाओरड थांबली. आज जगभर सोकावर नाचणाऱ्यांना आपण ढोलकावर नाचतोय हे माहीत नाही.

आणि १९८७-८८ ला द्रौपदी रामगूनाई, नावच बघा, चटणी-सोका म्हणत कार्निव्हलच्या स्टेजवर उभी राहिली तेव्हा आपल्याच काही धर्माच्या ठेकेदारांनी हिंदू बाईने असं करावं का म्हणून झोडलं तिला. घरंदाज बाईने तमाशात उभं राहावं का, तीच टेप. तिचं ताशावरचं गाणं मात्र सगळ्या बेटाने डोक्यावर घेतलं.

ताशेवाला_कसबा

तुम्ही स्वतः वाजवलंत का काही? झांज सोडून.

कूव्हाकर

आता इज्जत काढलीत. पॅन शिकायला गेलो होतो, आमच्या गावाजवळ एक छोटा पॅनयार्ड होता. पॅनयार्ड म्हणजे मोकळी जागा, वर पत्रे, खाली पॅन मांडलेले, कडेला एक टँटी (मावशी म्हणा) कॉर्न सूप विकतेय. दिवसा वेल्डर, शाळामास्तर, नर्स, बारावीची पोरं, संध्याकाळी सगळे तिथे. ते लोक 'लाइमिंग' म्हणतात, आपण कट्टा म्हणतो. नोटेशन नाही, अरेंजर तुकडा वाजवून दाखवतो, पुढच्या रांगेतला मागच्याला शिकवतो, तो त्याच्या मागच्याला. जानेवारीभर रात्री एक-दोनपर्यंत तेच सातआठ मिनिटांचं गाणं. मोठ्या पथकात शंभरावर माणसं, लावांतीलच्या डेस्पेराडोजसारखी नावं ऐकून कळतंच की पूर्वी ही मारामारी करणारी पोरं, भल्या घरचे आईबाप पॅनयार्डच्या रस्त्याने जाऊ द्यायचे नाहीत. आता त्याच डेस्पेराडोजचा शर्ट घालून मंत्री फिरतात. २०२४ ला तर सरकारने ठरवलं की देशाच्या राजचिन्हावरची कोलंबसची तीन जहाजं काढायची आणि तिथे स्टीलपॅन आणायचा.

तर मला बासवर घेतलं. सहा पिंपं आपल्याभोवती, गरगर फिरत मारायचं. दोन महिन्यांनी अरेंजर प्रेमाने म्हणाला की इंजिनियर, तू रॅक ढकल. १९६३ पासून पॅनोरामा स्पर्धा आहे, पोर्ट ऑफ स्पेनच्या सव्हाना मैदानावर, आणि तिथे वाजवणाऱ्यांइतकीच ढकलणारी माणसं लागतात, कारण पॅन चाकांच्या मांडवावर बसवलेले असतात आणि स्टेजपर्यंत हातानेच न्यायचे. जुने लोक स्टँडचं तिकीट काढतच नाहीत, त्या ढकलायच्या रस्त्यावर येतात, कारण तिथे पथकं थांबून शेवटची तालीम करतात आणि तुम्ही पॅनपासून हातभर लांब. आमचा रॅक चढावर अडकला, मागून दहा जण, मी, एक पोलीस आणि टँटी स्वतः. वर गेला. मग 'इंजिन रूम' सुरू झालं, म्हणजे ठेक्याची मंडळी, त्यात चारपाच जण गाडीचे जुने ब्रेक ड्रम लोखंडी सळयांनी बडवतात, आणि तो ठेका पायातून वर आला. आमचा नंबर बराच खाली आला होता, शेवटून मोजलेला सोपा.

मिरजेची_तार

पॅन आणलात का येताना?

कूव्हाकर

आणलाय ताई, टेनर. पेटीत घालून, स्वेटर गुंडाळून. मुंबईत उघडला तर एक कोमल स्वर बसलेला, मारला की डबा वाजतो. इथे ट्यूनर नाही. एकाने सुचवलं की हँडपॅनवाल्यांना विचार, पण ते वेगळं, स्विस लोकांनी पॅनवरूनच पुढे केलेलं, आणि ते लोक माझ्या पिंपाला हात लावायला घाबरतात. सध्या तो स्वर टाळून जेवढं वाजतं तेवढं वाजवतो. भूप बरा जातो.

मिरजेची_तार

बाबा विचारतायत, एखाद्या रविवारी मिरजेला घेऊन येणार का. ते म्हणाले हातोडी ते बघतील, तुम्ही फक्त तो स्वर कसा वाजायला हवा ते गाऊन दाखवा.

कूव्हाकर

गाऊन??

चहाबाज

महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा आता. आणि फोटो टाका.